न टेकणारी सुई

वाई, मार्गशीर्ष, १९९६

प्रिय साईराज बाळास, आज्जीचे पोटभर आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, हसू नकोस. पूजानं झरझर लिहून दिलं असतं, पण तुझी बहीण माझं बोलणं सुधारून लिहिते, मग ते माझं राहतच नाही. कॅम्पातला स्टोव्ह भडकून तुझा चेहरा पोळला, त्यानंतर तू घरी आला नाहीस. सुट्टी मित्राच्या गावी काढतोस, तेही मला ठाऊक आहे. पण आज रडगाणं नाही, नवल सांगायचंय. माझ्या गालावरची चामखीळ गेली! तीच रे, काळ्या वाटाण्याएवढी. लहानपणी तू ती बेल म्हणून दाबायचास, आणि मी ‘टिंग’ केलं नाही की रुसायचास.

पूजा सांगलीला विश्रामबागेत शिकते ना, तिच्या खोलीजवळच कातडीचे डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे निघाले, तर सातारा स्टँडवर सांगलीची गाडी येता येईना. शेजारी बसलेल्या मिरजेच्या बाईनं निम्मी काकडी दिली, लय गोड बाई. असो. घरून निघताना आपली शेजारची सुलाबाई फाटकातून ओरडली, अंबू, ह्या वयात कुनाला दावायचंय गं थोबाड? मी म्हटलं, हाय एक जण.

बाळा, काय सांगू! डॉक्टरांनी आधी गालात बारीक इंजेक्शन दिलं, मुंगी चावावी तसं. गाल बधीर. मग पेनासारखी एक सुई घेतली, आणि ती टेकवलीच नाही! केसभर लांब धरली, अन् मधल्या रिकाम्या जागेत निळी ठिणगी उडाली. चुर्र, चुर्र. कपाटाच्या काचेत मला सगळं दिसत होतं. केस जळल्यासारखा वास आला तेवढाच. ही आली कुठनं, विचारलं, तर म्हणाले, आजी, विजेच्या जोरानं हवाच पेटते, आभाळात कडाडते तिची ही धाकटी बहीण. मी हातच जोडले. जिच्या भीतीनं आम्ही पावसात जन्मभर झाडाखाली थांबलो नाही, ती वीज त्यांच्या हातात माणसाळलेली, आणि माझ्या गालावर कोंबडीगत दाणे टिपत होती! पुढं खपली धरली, पडली, आणि खाली कातडी कशी? तान्ह्या पोराच्या टाचेसारखी गुलाबी. सुलाबाई रोज बोट लावून बघून जाते.

पूजानं तुला ह्या डॉक्टरांचं कळवलं, तेव्हा तू उलट लिहिलंस, तोंडाजवळ पुन्हा आग नको. पूजाकडून ते मला कळलं. मग आठवलं, तापात तू काढा कधी आधी घ्यायचा नाहीस. मी घोटभर प्यायचे आणि तू टक लावून बघायचास, आज्जीचं तोंड वाकडं होतंय का. चामखीळ मला कधीच खुपली नव्हती रे. हा काढा आधी मी पिऊन बघितला. कडू नाही. डॉक्टर म्हणतात, बघितल्याशिवाय शब्द देणार नाही, सगळा डाग जायचाही नाही, पण ओढलेली कातडी हळूहळू मऊ करता येईल. जाईल तेवढा जाऊ दे. राहील तो आपल्या घरचा. तू ये. बेल गेली, पण गाल दाबून बघ, टिंग अजून होतं.

तुझीच,
अंबू आज्जी