हौदातले मासे

सोलापूर, ७ सप्टेंबर १९७६

ती. अक्कास, चनबसप्पाचा शि. सा. न. वि. वि.

महानंदाला पुन्हा थंडी वाजून ताप आला. रक्ताची काच तपासली, हिवतापच निघाला. गोळ्या चालू आहेत, पण सहावा महिना, म्हणून जीव थाऱ्यावर नाही. शहरभर लोकांच्या हौदांत डासांच्या अळ्या शोधत फिरणारा मी, आणि भाचीच्या सासरच्याच हौदात त्या वळवळत होत्या.

तिथे अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायला आमच्या हिवताप खात्यातल्या ज्ञानबाला पाठवले होते. काल पाहिले तर एकही मासा नाही. भिंतीवर भेटीची तारीख मात्र त्याने लिहिली आहे. आत न डोकावताच लिहिली असेल का? असा आळ घेणे बरे नव्हे, हे कळते. तरी संशय जात नाही.

माया आहेच, ती राहू दे.

तुझा,
बसप्पा

वैराग, १२ सप्टेंबर

चि. बसप्पास अक्काचा आशीर्वाद.

पत्र वाचून घास उतरला न्हाय. ज्ञानबाला कशाला धरतोस? आपल्या निलव्वा विहिणीला धर की! बाई लई कडक, घरात अंडं येऊ देत न्हाय, ती पाण्यात मासं ठेवंल? तिनंच फेकलं असणार. लेकीला गोळ्या तरी देती का न्हाय, कुणास ठाऊक. कालेज शिकलास, तुला डास कळतात, माणसं कळत न्हाईत. मी येऊन पोरीला घेऊनच जाते. विहीण आडवी आली तर तिला काय ते सुनावते.

जपून राहा.

अक्का

सोलापूर, २१ सप्टेंबर

ती. अक्कास शि. सा. न.

तुझ्या पत्राने माझाही संशय विहीणबाईंकडे वळला. स्वतः मासे सोडून आलो आणि काल सोमवारी सकाळी न कळवता गेलो. हे सरकारी काम की पाळत, मलाच ठरवता येईना.

विहीणबाई गोळी आणि दुधाचा पेला घेऊन सुनेची वाट पाहत बसल्या होत्या. मासे कुठे जातात विचारताच म्हणाल्या, तुमचंच मासं, तुमीच परत नेत असाल की!

मागे परसात महानंदा हौदाशी होती. हौदात फडके फिरवून ती मासे धरत होती, कळशीत सोडत होती. दर सोमवारी ते शेजारच्या विहिरीत नेऊन सोडते. इष्टलिंगाच्या पूजेला माशांचे पाणी कसे चालेल, म्हणाली. पाणी गाळताना फडक्यात आलेला जीव मारायचा नाही, विहिरीत सोडायचा, हे आईनेच शिकवलेय म्हणे. सासूला यातले काहीच ठाऊक नव्हते.

मी समजावले. पण बाहेर आम्लेट खाणाऱ्या मामाचे पूजेच्या बाबतीत ती कशाला ऐकेल? ज्ञानबाकडे तर आज मला नीट बघवले नाही.

रागावू नकोस, आणि भांडायला येऊ नकोस.

बसप्पा

वैराग, २५ सप्टेंबर

चि. बसप्पास आशीर्वाद.

व्हय, मीच शिकवलं. ती लहान असताना विहिरीवर, माझ्याच हातानं.

४ तारखेच्या सोमवारी पहिल्या एस.टी.नं येते. भांडायला न्हाय. ज्ञानबाला सांग, आदल्या दिवशी हौदात मासं सोडून ठेव. कळशीच्या तोंडाला फडकं बांधून त्याच हौदाचं पाणी घेते आणि लेकीसमोर त्याच पाण्यानं पूजेला बसते. मग बघू ती काय म्हणती.

विहिणीला शेंगाची चटणी आणते. कशापायी, ते तिला सांगू नकोस. आम्लेटाचं आल्यावर बघते.

अक्का