पाटी उतरवलेल्या स्टेशनावरून

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? विचारतोय खरा, पण तू उत्तर देणार नाहीस हे ठाऊक आहे. महिना झाला, तुझी एक ओळ नाही. रागावलीस ते रास्तच आहे. पण फाशीच्या कैद्यालाही शेवटचं बोलू देतात, तेव्हा फाडण्याआधी वाच.

लढाई सुरू झाली आणि सरकारने आमची रेल्वे कंपनीकडून ताब्यात घेतली. मी तेव्हाही स्टेशनमास्तर होतो, आताही आहे. फक्त या आडबाजूच्या स्टेशनावर बदली झाली आणि डोक्यावर सरकारी टोपी आली. (सगळ्यांना एकाच मापाची. माझी भुवयांच्या खाली येऊन थांबते. तुझी भावजय म्हणते, हनुवटी तेवढी ओळखीची वाटते.) टोपीपाठोपाठ हुकूम आले. शत्रू उतरलाच तर आपण कुठे आहोत ते त्याला कळू नये, म्हणून स्टेशनांच्या पाट्या उतरवायच्या, नाव पुकारायचं नाही, आणि कुणी विचारलं तरी सांगायचं नाही. शत्रूचं मला माहीत नाही, पण आमच्या उतारूंना काही म्हणजे काही कळेनासं झालं. दाढ उपटून घ्यायला निघालेला एकजण सिमेंटच्या कारखान्यात पोचला. नव्या नोकरीवर रुजू व्हायला निघालेले एक हेडमास्तर इथेच उतरले, दोन दिवस इथल्या शाळेत शिकवलं, आणि मग कळलं की त्यांची शाळा दोन स्टेशनं पुढे आहे. (ते जाताना मुलं रडली. इथले हेडमास्तर जास्त रडले, त्यांनी तोवर रजा टाकली होती.)

मी मात्र हुकुमाचा पक्का. लहानपणी तू "इथेच थांब" म्हणालीस की मी मुंग्या चावल्या तरी हलायचो नाही, तसाच. त्या दिवशी तपासणी अधिकारी माझ्या शेजारी उभे, माझ्या हातात सैन्याच्या मालाचे कागद, गाडी जेमतेम मिनिटभर थांबलेली, खिडक्या हुकुमाप्रमाणे अर्ध्या बंद. एका फटीतून कुणा बाईने विचारलं, हे कुठलं स्टेशन हो? मी मान वर न करता म्हणालो, सांगता येत नाही, बाई. अधिकारी खूश झाले. मी हिरवं निशाण दाखवलं. गाडी हलली, ती खिडकी पुढे सरकली, आणि आत तू होतीस. मांडीवर बोचकं, नाकाच्या शेंड्यावर चष्मा.

मी धावलो गं. टोपी डोळ्यांवर आली आणि वजनकाट्यावर आदळलो. तू पुढे कुठेतरी उतरलीस, सात तास ताटकळत बसलीस आणि तशीच घरी परतलीस, हे भाऊजींच्या कार्डावरून कळलं. जिने बोट धरून मला शाळेत नेलं, तिला मी माझ्याच दारातून पुढे पिटाळलं. अधिकाऱ्यांनी त्याबद्दल मला शाबासकीचा शेरा दिला. तो कागद बघितला की मला रडू येतं.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
ढब्बू

ता. क. सर्व क्षेम नाही. तुझ्या भावजयीला नववा लागलाय. डॉक्टर लढाईवर गेले, सुईणबाई लेकीकडे. तिला आई नाही. ती धीराची आहे, उलट मलाच सांगते, घाबरू नका. पण परवा एकदाच म्हणाली, वन्सं आल्या असत्या तर बरं झालं असतं, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. ये गं. तुझ्यावाचून मला काही सुचत नाही.

ता. क. दुसरा. आमचं स्टेशन कसं ओळखायचं ते लिहिलं तर पत्र तपासणारे काळं फासतील. म्हणून हुकूम पुन्हा तीनदा वाचला. स्टेशनाचं नाव पुकारायला मनाई आहे. बहिणीला हाक मारायला नाही. मंगळवारपासून दुपारच्या प्रत्येक गाडीला मी इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत "ताई, ताई" ओरडत धावणार आहे. चार-पाच परक्या ताया चुकून उतरतील, त्यांचं मी बघतो. तू फक्त उतर.