क्लिफर्ड सरांना काहीही देऊ नये

मी, भिकाजी तुकाराम पाष्टे, वय एकोणसाठ, व्यवसाय पी.टी. शिक्षक, मूळ गाव वाकणकोंड, तालुका संगमेश्वर, हल्ली राहणार सहम, ओमान, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. ‘पूर्ण शुद्धीत’ या शब्दांना पत्नी प्रेमा हिची हरकत आहे. ती नोंदवून पुढे जातो.

कारण असे की येत्या रविवारी मस्कतला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, अगदी साधे असते, काळजी नको. एवढे एकदा म्हणून ते थांबले असते तर मी स्वस्थ झोपलो असतो. पण ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले, तेव्हा मी कागद पुढे ओढला.

कलम १. गावचे घर, मागची आंब्याची झाडे आणि बँकेतली शिल्लक प्रेमाला मिळावी, तिच्यामागे मुलगी ज्ञानदा हिला. बांधावरचा फणस चुलतभाऊ प्रशांत याला देतो. तो वर्षानुवर्षे न विचारता फणस उतरवून नेतोच आहे. जे थांबवता येत नाही ते दान करून टाकावे, निदान पुण्य तरी आपल्या नावावर लागते.

कलम २. ज्ञानदा माझ्याच शाळेत शिकली. शाळा भारतीय आहे, लहान आहे, आणि मस्कतमधल्या कुरुम भागातल्या वकिलांच्या सल्ल्याने मी तिचे नाव घेत नाही. तिथे इको क्लब, क्विझ क्लब, रोबोटिक्स क्लब आणि माझा लेझीम क्लब. माझ्याकडे मल्याळी, तमिळ, तेलुगू, बंगाली मुले धावत आली. मराठी मूल तेव्हा शाळेत एकच होते, माझ्या घरचे, आणि ते क्विझ क्लबात गेले. “बाबा, लेझीम इज सो लाउड ना,” असे कारण मिळाले. तरी माझी गाडी आणि मनगटी घड्याळ तिलाच. अट एवढीच की हे मृत्युपत्र तिने स्वतः मोठ्याने वाचावे, अडखळली तरी चालेल. कोणाकडून भाषांतर करून घेऊ नये. भाषांतराने काय होते ते कलम ४ मध्ये येईल.

कलम ३. लेझिमींची पत्र्याची ट्रंक. या लेझिमी मी रत्नागिरीहून आणल्या. मस्कत विमानतळावर कस्टमच्या साहेबाने ट्रंक उघडायला लावली. दांडके, साखळी आणि लोखंडी चकत्या बघून त्याने आणखी दोन साहेब बोलावले. शेवटी मी तिथेच, सामानाच्या पट्ट्याशेजारी, चार आवाज करून दाखवले, मग आठ आवाज, मग बसून उठून. रंगात येऊन पवित्रा घेणार इतक्यात साहेब म्हणाला, “खलास, उस्ताद, खलास. यल्ला, घरी जा.” तेव्हापासून तुटलेल्या साखळ्या सहमच्या बंदरावरचा हसन मासे धरायच्या पिंजऱ्याच्या तारेने सांधून देतो. त्याला माझा कोकम सरबताचा साठा द्यावा, त्याला ते सरबत औषध वाटते.

ही ट्रंक शाळेला द्यावी, असे मी लिहिणार होतो. आता लिहीत नाही. कारण कलम ५ मध्ये.

कलम ४. क्लिफर्ड तुस्कानो, राहणार मूळ वसई, इंग्रजीचे शिक्षक, स्पोर्ट्स डेला माइक यांच्याच हातात. यांच्याविषयी माझी तक्रार कायमस्वरूपी नोंदवून ठेवतो.

पहिल्या वर्षीच्या सरावात मुलांचा उजवा पाय आधी पडत होता. उन्हात घसा कोरडा होईपर्यंत मी ओरडलो, “गाढवांनो, डावा! डावा!” मुलांना मराठीचे अक्षर येत नव्हते. त्यांना वाटले, लेझीम म्हटली की सुरुवातीला ही आरोळी द्यायचीच असते. स्पोर्ट्स डेला मुख्य पाहुण्यांसमोर सबंध पथकाने एका सुरात ती दिली. पालकांनी टाळ्या वाजवल्या. पुढल्या वर्षी चारही हाऊसनी ती उचलली. सोहारच्या संघाशी फुटबॉलचा सामना होता तेव्हा तीच आरोळी, निरोप समारंभाला तीच. परवा त्रिशूरहून एका माजी विद्यार्थ्याच्या लग्नाचा व्हिडिओ आला. नवरदेव मांडवात शिरताना मित्र ओरडत होते, “गाढवांनो, डावा! डावा!”

प्राचार्या मुनिबा मॅडमनी अर्थ विचारला तेव्हा मी वाकून बुटाची नाडी बांधू लागलो. क्लिफर्ड सर मात्र पुढे झाले. वसईचा माणूस, मराठी माझ्याइतकीच येते. चेहऱ्यावरची रेषही न हलवता ते म्हणाले, “मॅडम, इसका मतलब है, शूरवीरो, बायाँ कदम आगे.” ते इंग्रजीत शाळेच्या डायरीत छापले गेले, फाटकाशेजारच्या भिंतीवर रंगवले गेले. तेव्हापासून दर वर्षी माइकवरून ते अर्थ सांगतात आणि माझ्याकडे बघतात. त्या बघण्याची मला भरपाई हवी.

कलम ५. शिट्टी. पितळी आहे, माझ्या गुरुजींची आहे, गळ्यातून काढली की मला चुकल्या-चुकल्यासारखे होते. शिट्टीवाला नसेल तर लेझीम नसते, नुसता खडखडाट असतो. गुरुवारी स्पोर्ट्स डे आहे आणि मी पलंगावर. मुनिबा मॅडम भेटायला आल्या, संत्री आणली, आणि हळूच म्हणाल्या, “पाष्टे सर, आप नहीं हैं तो इस साल लेझीम ड्रॉप कर देते हैं. झुम्बा रख लेंगे.” बाई मनाने चांगल्या आहेत. पण एकदा गाळले की पुढच्या वर्षी कोणी पुन्हा घालत नाही, हे मी मुलांचे मानवी पिरॅमिड बंद झाले तेव्हा पाहिले आहे. क्लब गेला असे समजून मी हे लिहितो, आणि लिहिताना मला फार वाईट वाटते आहे.

म्हणून शिट्टी कोणालाही देऊ नये, माझ्याबरोबर जावी. क्लिफर्ड सरांना काहीही देऊ नये. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असा शिरस्ता वकिलांनी सांगितला, म्हणून त्यांना मुद्दाम पहिला साक्षीदार केले आहे.

इथपर्यंत बुधवारी लिहिले. यापुढचे शुक्रवारचे.

कलम ६. काल प्रेमा शाळेत जाऊन आली. तिने सांगितले ते असे. झुम्ब्याची गाणी लावायला माणूस उभा होता. क्लिफर्ड सर मुनिबा मॅडमकडे गेले आणि म्हणाले, “मॅडम, मैं करवाता हूँ.” माइक दुसऱ्याच्या हातात दिला, टाय खांद्यावर टाकला आणि मैदानात उतरले. शिट्टी माझ्या उशाशी, म्हणून तोंडात दोन बोटे घालून वाजवली. चार आवाज, आठ आवाज, पवित्रा, एकही हुकूम चुकला नाही. इतकी वर्षे माइकवरून माझी टिंगल करता करता माणसाचे सगळे पाठ झाले होते.

फक्त स्वतः लेझीम हातात घेतली आणि पहिलेच पाऊल उजवे टाकले.

मग पथक, चारही हाऊस, पालक, बसचालक महमूद, सगळे मिळून त्यांच्याकडे बघून ओरडले, “गाढवांनो, डावा! डावा!” त्या मैदानात त्याचा खरा अर्थ कळणारी माणसे दोन. एक प्रेमा, ती पदर तोंडात कोंबून बसली. दुसरे क्लिफर्ड सर. ते थांबले, पाय बदलला, आणि शेवटपर्यंत खेळले. कलम ४ ची भरपाई मला पोचली.

निघताना क्लबची कॅप्टन प्रेमाला म्हणाली, “आंटी, सर को बोलना, कुछ नहीं रुका.” हे सांगताना प्रेमा रडली. मीही रडलो.

संध्याकाळी क्लिफर्ड सर ट्रंक घेऊन आले. तळहाताला फोड. खुर्चीत बसून म्हणाले, “पाष्टे, तू बरा होऊन लवकर ये रे बाबा. माझ्याने हे दर वर्षी व्हायचं नाही.” पाणी प्यायले आणि म्हणाले, “आणि मला माहीत नाही असं समजू नको. मुलं आज मला बरोब्बर काय म्हणाली ते मला कळलं.” मग विचारले, “भिंतीवरचा अर्थ पुसायला सांगू?”

मी नको म्हटले. त्या मुलांना शूर म्हणायला आता माझी काहीच हरकत नाही. भिंत आहे तशी राहावी.

कलम ७. कलम ५ चा शेवटचा परिच्छेद रद्द. लेझिमींची ट्रंक शाळेच्या लेझीम क्लबाला. पितळी शिट्टी क्लिफर्ड तुस्कानो यांना. त्यांनी पाऊल डावे टाकावे.

हे सर्व वाचून, समजून, खाली सही करतो.

भि. तु. पाष्टे
मुक्काम सहम, शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

साक्षीदार:
१. क्लिफर्ड तुस्कानो (नाव खोडले आहे. खाडाखोड माझी, भि. तु. पाष्टे)
१. रमण, शाळेचे ग्रंथपाल
२. महमूद, शाळेचे बसचालक. यांना मराठी येत नाही, त्यामुळे हे सर्वांत निःपक्षपाती.

खुलासा: आपले नाव का खोडले असे क्लिफर्ड सरांनी दोनदा विचारले आणि रागावून चहा न घेता गेले. कारण त्यांना मी गेल्यावर कळेल. तोवर त्यांना खुशाल रुसू द्यावे.