बगलेतली टाच

बार्किसिमेतो, मंगळवार

बाबा,

आशीर्वाद द्या. मागतोय, पण रागातच.

खांद्याचं ऑपरेशन झालं. बारीक भोकं पाडून, आत दुर्बीण घालून, फाटलेलं सगळं हाडाला शिवलं. मोठी चिरफाड नाही, आईला सांगा. मक्याची अरेपा डाव्या हाताने खातो, निम्मी मांडीवर सांडते. घोडीचा पाय कसा आहे?

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजवर खांदा बसवायचं कोण?"

"वडील. बगलेत टाच रोवून हात ओढायचे."

"मग?"

"मग परत घोड्यावर. पुढच्या बैलाला शेपटी ओढून आडवा करायला."

"आणि तुम्ही जायचात?"

जायचो. नाहीतर तुम्ही कुंपणावरून सगळ्यांदेखत ओरडायचात, "पोरी जिंकणाऱ्याच्या दंडाला रिबिनी बांधतात, रडक्यांच्या बांधतील का रे?"

आता ऐकतो, येत्या जत्रेतल्या बैलांच्या खेळातही माझं नाव दिलंत. मला न विचारता. आजच्या आज काढा.

बाईंनी हेही विचारलं, घरात आणखी कुणाचा खांदा निखळतो का? नाही म्हणालो. मग आठवलं, तुम्ही डावरे नाही, तरी टोपी डाव्या हातानेच घालता. उजवा हात डोक्यापर्यंत गेलेला मी कधी पाहिला नाही.

तुमच्या बगलेत कुणाची टाच होती, बाबा?

तुमचाच,
आर्हेनिस