रशीदभाईंचे कान

११ जानेवारी ९९, जुन्नर
पोचले एकदाची. कळंबच्या पुढे एस.टी. पंक्चर, तासभर रस्त्याकडेला. दवाखान्यामागे सिस्टर लोकांच्या क्वार्टरमध्ये खोली मिळाली आहे. कॉट, टेबल, खिडकीतून शिवनेरी. एवढं पुरे.
एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. ही इंटर्नशिप, मग व्हायवा, मग सुटका. कान-नाक-घशाचे डॉक्टर इथे एकटेच, त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. म्हणाले, "ऑडिओलॉजीवाली मुलगी येणार म्हणून मशीनवरची धूळ पुसून घेतलीय. आता तुम्ही वापरा." मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथे. एक पेशंट निवडून त्याचा पूर्ण रिपोर्ट. मार्क त्यालाच.

१३ जाने.
आज रशीदभाई आले. इथलेच, जुन्नरचे. पन्नाशीचे, बेल्ह्याच्या बाजारात बैलांची दलाली. मागच्या वर्षी मोठं आजारपण, महिनोन्‌महिने इंजेक्शनं. जीव वाचला, त्याच औषधानं दोन्ही कान गेले. कुणाची चूक नाही, सर म्हणतात.
सोबत बायको हमीदाभाभी आणि दोस्त ज्ञानोबा. ज्ञानोबा कळंबचे शेतकरी. भल्या मोठ्या मिशा, पीळ दिलेल्या. दोघं विशीपासून बाजारात जोडीनं.
टेस्ट घेतली. ग्राफ पार तळाला. जवळपास काहीच नाही.
तरी र.भाईंच्या खिशात कुठल्याशा शिबिरात मिळालेलं श्रवणयंत्र, कानात वायर. चालू. सेल नवे. त्यातून त्यांना काहीएक ऐकू येत नाही.
स्वतः बोलतात मोठ्यानं, एकसुरी. "कान कदी येतील ते सांगा. बाकी मला कायबी त्रास न्हाई."
सर औषधाची चिठ्ठी लिहीत राहिले. मी यंत्राची वायर सरळ करत राहिले.

१५ जाने.
हमीदाभाभी एकट्या आल्या होत्या. रमझान चालू आहे. म्हणाल्या, बांग ऐकू येत नाही म्हणून संध्याकाळी त्या खांद्यावर हात ठेवतात, मग ते रोजा सोडतात. "रोज इचारत्यात, आज बांग लांबून झाली का, म्हनून ऐकू न्हाई आली? मी हां म्हणते."
जाताना दारात थांबल्या. "बाई, कान न्हाई येनार ते मला ठावं हाय. त्यास्नी सांगू नका. त्याच आशेवर सकाळी उठत्यात."
मान हलवली. होकार की काय ते त्यांनी ठरवलं.

१८ जाने.
ओठवाचनाचा पहिला तास. माझ्याकडे कॉलेजची यादी: पतंग, बदक, मगर. प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात, म्हणून तिथून सुरुवात.
र.भाई माझ्याकडे बघत होते, मग भिंतीकडे, मग दाराकडे.
चौथ्यांदा 'मगर' म्हटल्यावर: "मगर? बेल्ह्याला मगर कुठं यीती, बाई?"
ज्ञानोबा इतके हसले की सिस्टर डोकावून गेली.
पण नंतर र.भाई गंभीर होऊन म्हणाले, "ह्ये शिकून काय करू? कान आल्यावर समदं ऐकूच येनारे."
तिथेच अडलंय सगळं.

२१ जाने.
काल ईद. हमीदाभाभींनी शीरखुर्म्याचा डबा पाठवला. सिस्टर लोकांनी अर्धा फस्त केला.
यादी बदलली, बैलबाजाराची केली. खोंड, शिंग, वेसण, वशिंड, चारदाती, सहादाती. र.भाई थोडे सावरून बसले. 'वशिंड' दुसऱ्या झटक्यात ओळखलं.
ज्ञानोबाचं मात्र एक अक्षर वाचता येत नाही. वरचा ओठ मिशांत गडप. र.भाई वैतागून: "तुज्या तोंडावर गवात वाढलंय, त्यातनं मी काय वाचू?" ज्ञानोबा कानाशी जाऊन ओरडले. सवयीनं. र.भाईंनी तोंड फिरवलं.
नंतर ज्ञानोबा बाहेर बाकावर. "म्याडम, तीस वर्स ह्यो मानूस माज्याशी बोलत आला. आता मी बोलतोय आन त्यो बघतोय नुस्ता. म्हनून मी जाईनासा झालो त्याच्याकडं. ह्ये बरं न्हाई, कळतंय मला."

२७ जाने.
एस.टी.डी. बूथवरून गाईड मॅडमना फोन. म्हणाल्या, ही केस सोडा. यंत्राचा उपयोग नाही, मोजता येईल अशी सुधारणा नाही, प्रेझेंटेशनला काय दाखवणार? एखादं लहान मूल घ्या, यंत्र बसवा, आधीचा ग्राफ, नंतरचा ग्राफ. एक्स्टर्नल परीक्षक खूश.
तसं मूल आहेही. ओतूरची मुलगी, गोड, यंत्र लावल्यावर घंटीकडे वळून बघते.
"बघते" म्हणून फोन ठेवला.

१ फेब्रु.
आज सोमवार, बेल्ह्याचा बाजार. ज्ञानोबा एकटेच गेले. र.भाई दवाखान्यात, अंगात बाजाराचा सदरा. दर सोमवारी घालतात म्हणे, आणि घरी बसतात.
सरांशी बोलले. त्यांना खरं सांगायला हवं, नाहीतर ते शिकणारच नाहीत. सर बराच वेळ पेन फिरवत होते. "मी दोनदा ठरवलं आणि दोनदा पुढे ढकललं. तू सांग. मी शेजारी बसतो."
हमीदाभाभींना आधी विचारलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मग मी पन बसते."

३ फेब्रु.
सांगायचं कसं? वाचायला र.भाईंना जमत नाही, सहीपुरती अक्षरं. खुणांनी सांगायची गोष्ट नाही ही. म्हणजे ओठांनीच.
आरशासमोर म्हणून बघितलं. 'कान परत येणार नाहीत.' मग 'कान परत येणार आहेत.' पुन्हा पुन्हा.
दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात. नवख्याला फरक कळणं कठीण.
आरसा पालथा घातला.

५ फेब्रु.
सांगितलं.
सर डावीकडे, हमीदाभाभी उजवीकडे, तोंडावरचा पदर खाली घेऊन. मी सावकाश म्हणाले, कान परत येणार नाहीत.
त्यांचा चेहरा असा उजळला. "येनार हायेत?"
सर खाली बघायला लागले. मी 'नाही' अशी मान हलवली. परत म्हणाले. नाहीत. येणार नाहीत.
ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हमीदाभाभींकडे. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, रोजा सोडताना ठेवतात तसा असेल.
"न्हाईत," र.भाई म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.
मग यंत्र बंद केलं, वायर गुंडाळली, टेबलावर ठेवलं. "दुसऱ्या कुनाच्या तरी कामाला यील." दारात थांबून सरांना नमस्कार केला. मला नाही.

१२ फेब्रु.
आठवडा झाला, आले नाहीत. ओतूरच्या मुलीचं काम छान चाललंय. रिपोर्ट तिचा लिहिला तर परवापर्यंत कच्चा होईल.
हमीदाभाभी बाजारपेठेत दिसल्या. र.भाई जेवतात, झोपतात, बोलत नाहीत. "तुमी बरूबर केलं का चूक, मला कळंना, बाई." रागानं नाही म्हणाल्या. म्हणून जास्त लागलं.
मलाही कळत नाही.

१७ फेब्रु.
आज एक इसम ओपीडीत. ओळखीचा वाटतो पण कोण ते कळेना. गोरा वरचा ओठ, बाकी चेहरा रापलेला.
ज्ञानोबा! मिशा साफ.
"काय झालं हो?"
"काय न्हाई. त्याला वाचायला यावं म्हनून."
मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मिशी काढली म्हणजे बाप गेला, असा गावाचा समज. सकाळपासून लोक सांत्वनाला दारात. आणि ज्ञानोबांचे आबा स्वतःच ओट्यावर, प्रत्येकाला "या, बसा, मी हाय अजून" म्हणत चहा पाजतायत. आई बोलायचीच बंद झालीय. बायको तोंडाला पदर लावून हसते.
"आबा काय म्हणाले?"
"आबा म्हनले, माज्यासाटी एकदा काडायचीच हाय, आदीच सराव झाला."
हसता हसता त्यांचेच डोळे भरले. म्हणाले, आता चला माझ्याबरोबर.
गेलो. र.भाई अंगणात दोर वळत बसले होते. ज्ञानोबा समोर जाऊन उकिडवे बसले. र.भाईंची नजर वरच्या ओठावर. मग र.भाई ओरडलेच, "आबा गेलं? आन मला कुनी सांगितलं न्हाई?"
ज्ञानोबा तोंड उघडून, एकेक अक्षर सुटं करत: "आबा. बरं. हायेत. तुज्या. साटी. काडली."
र.भाईंनी दोर खाली ठेवला. ज्ञानोबांच्या वरच्या ओठावरून बोट फिरवलं, लहान मुलाच्या फिरवतात तसं.
"लई वंगाळ दिसतोयस," म्हणाले.
मी आणि हमीदाभाभी चुलीपाशी गेलो. चहा लागणारच होता.

१९ फेब्रु.
र.भाई आले, न बोलावता. बसले. "घ्या यादी."
आज मला नमस्कार केला.

२३ फेब्रु.
दोघं रोज येतात. मी कमी बोलते, ज्ञानोबा जास्त. 'पान', 'बान', 'मान' अजून सारखेच. पण अख्खं वाक्य असलं की र.भाई अंदाज बांधतात आणि बरेचदा बरोबर येतो. चुकला तर भांडण. "तू नीट बोलत न्हाईस." "तू नीट बगत न्हाईस." हे भांडण रिपोर्टमध्ये कुठल्या रकान्यात घालू?
गाईड मॅडमना कळवलं, केस हीच. "तुमची जबाबदारी," एवढंच.

१ मार्च
बेल्हे. सरांनी परवानगी दिली, फील्ड व्हिजिट म्हणून. टेम्पोत पुढे मी आणि हमीदाभाभी, मागे ते दोघं नि एक खोंड.
र.भाई वर्षानंतर बाजारात. लोक येऊन पाठीवर थाप मारून जात होते, तोंडानं बोलत होते, र.भाई सगळ्यांना हसत होते. कळत किती होतं देव जाणे.
मग एक सौदा. हातावर रुमाल, रुमालाखाली बोटं. तिथे कान लागत नाहीत. भाव बोटांवर ठरतो. र.भाईंचा चेहरा तेव्हा एकदम निवांत झालेला पाहिला, मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदा.
दुसरा त्यांना जमला नाही. गिऱ्हाईक उन्हाकडे पाठ करून उभं, चेहरा सावलीत, तंबाखूचा बार, बोलता बोलता वळून निघून गेलं. र.भाई तसेच हसत उभे. मागून दोन पोरगेले दलाल काहीतरी बोलून हसले. र.भाईंना दिसलं नाही, मला ऐकू आलं. हमीदाभाभींनाही.
ज्ञानोबा पुढे झाले, गिऱ्हाईकाला परत आणून सौदा सांभाळला.
जुन्नरात उतरल्यावर म्हणाले, "ह्याच्या आधारानं किती दिस? ह्यो मेला तर?" ज्ञानोबा म्हणाले, "मी न्हाई मरत." ते र.भाईंना वाचता आलं.

५ मार्च
शेवटचा आठवडा. हमीदाभाभींना सराव कसा घ्यायचा ते शिकवलं. उजेड तोंडावर, ओरडायचं नाही, सुटा शब्द नाही, अख्खं वाक्य.
सरांना विचारलं, माझ्यानंतर कोण? "कोणी नाही. पुढच्या वर्षी एखादी विद्यार्थिनी आली तर." मग म्हणाले, "तू परीक्षा झाल्यावर बघ ना इकडे." गमतीत म्हणाले की खरं, कळलं नाही. मीही विचारलं नाही.

८ मार्च
आज निघायचं. चारची पुण्याची गाडी.
दुपारी हमीदाभाभी आणि ज्ञानोबा आले. र.भाई नाहीत. पहाटे उठून एकटेच बेल्ह्याला गेले. ज्ञानोबांना सांगितलंच नाही. बायकोला एवढंच, "आज मी माजं बगतो."
ज्ञानोबा बाकावर बसले, उठले, फाटकापर्यंत गेले, परत आले. मिशीची जागा चाचपत होते. "सांगाया काय झालं व्हतं त्याला? लांब उबा राह्यलो असतो मी."
"म्हणूनच नाही सांगितलं," हमीदाभाभी म्हणाल्या.
चारची सोडली. सरांनी चहा मागवला, तेही मधेमधे फाटकाकडे बघत होते. बाजार एव्हाना मोडला असेल. टेम्पो मिळाला नसेल. किंवा सौदा लांबला असेल. किंवा.
शेवटची गाडी सोडून चालणार नव्हतं, उद्या सकाळी कॉलेजात हजेरी. हमीदाभाभींनी पिशवीत भाकरी आणि भुईमुगाच्या शेंगा कोंबल्या. "जावा बाई. आले की मी त्यास्नी सांगते, तुमी वाट बगितली म्हनून. माज्या तोंडावरनं कळंल त्यास्नी आता."
नारायणगावच्या स्टँडवर गाडी थांबली आहे, तिथेच लिहितेय. आळेफाट्याकडून बैलांचे टेम्पो येतायत, मागे माणसं उभी. उजेड जवळजवळ गेला. प्रत्येकाकडे बघतेय. एकात एक जण उभा होता, हात हलवून शेजारच्याला काहीतरी सांगत, शेजारचा त्याच्याकडे वळून सावकाश बोलत होता. सदरा र.भाईंच्या बाजाराच्या सदऱ्यासारखा वाटला.
खिडकीतून हाक मारणार होते. मग वाटलं, हाक मारून काय उपयोग.
हात बाहेर काढून हलवत राहिले. टेम्पो जुन्नरच्या रस्त्याला वळला.