आईची शिकवणी

प्रिय उन्नती,

फोनवर हे बोललो असतो, पण बेसाच्या या फ्लॅटमध्ये एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत ऐकू जातं, आणि आईच्या कानावर यातलं काही जायला नको आहे. म्हणून लिहितो आहे.

शिक्षकांसाठी तू जे व्हिडिओ करतेस, 'मुलांची मराठी कशी सुधाराल' वगैरे, ते मी अभिमानाने पाहत होतो. मागच्या महिन्यातला तो एक मात्र शेजारच्या मिनलने दाखवला. तू डोक्यावर पदर घेऊन, कपाळावर हात मारून म्हणतेस, "मले काहून विचारून राहिली वं?" आणि मग चष्मा लावून शिक्षकांना सांगतेस, असं बोलणारं मूल दिसलं की तिथल्या तिथे थांबवा, तीनदा शुद्ध म्हणवून घ्या. खाली लोकांनी हसून हसून काय काय लिहिलं आहे! एकाने 'गावंढळ बाई' लिहिलं, त्याला तू हसरा चेहरा पाठवलास. मला शिसारी आली उन्नती. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही. कपाळावर हात मारायची ती लकब कोणाची, हे तुला आणि मला माहीत आहे.

आईने तो मिनलच्या घरी, चार बायकांत बसून पाहिला. त्यांच्याबरोबर हसली म्हणे. घरी येऊन मला म्हणाली, "पोरीनं माहा आवाज बरोबर पकडला, नाई जी?" आणि धुतलेले तांदूळ पुन्हा धुवायला घेतले.

दोन दिवसांनी ती वही घेऊन माझ्यासमोर बसली. "मले शुद्ध बोलाले शिकवा." मी आधी हसलो. ती हसली नाही. मग मीही मास्तर झालो. 'मला, तुला, त्याला' म्हणायचं. 'जेवते आहे' म्हणायचं, 'जेवून राहिली' नाही. तुझीच पद्धत वापरली. चुकली की थांबवायचं, तीनदा म्हणवून घ्यायचं. आणि खरं सांगतो, मला मजा येत होती. साठीची बाई, वहीत मान घालून 'मला' गिरवते आहे आणि मी लाल पेनने खुणा करतो आहे! आज ते आठवलं की स्वतःच्या हाताची किळस येते.

आठवड्याभरात ती चुकायची थांबली. मला वाटलं, शिकली. मग एका दुपारी पारशिवनीहून धोंडबामामाचा फोन आला, तो मी घेतला. मामाच्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, उजव्या डोळ्याने आता दिसणार नाही. हे त्याने आईला तीन दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. मी तिला विचारलं, मला का सांगितलं नाहीस? बराच वेळ ती शब्द जुळवत राहिली. मग म्हणाली, "एवढं सारं शुद्ध सांगता नसतं आलं जी." सख्ख्या भावाचा डोळा गेला आणि तीन दिवस ती माझ्यासमोर 'बरं आहे', 'जेवा', 'चहा ठेवते' एवढंच बोलत होती. तेवढं तिला बिनचूक येत होतं.

शिक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक पेंचच्या जंगलाच्या बाजूला होती, हे तुला ठाऊक आहे. घरी गोंडी बोलणारी पोरं वर्गात यायची. मी त्यांना कधीच मध्ये तोडलं नाही. पोराचं वाक्य कसंही असो, पुरं होऊ द्यायचो, मग तेच आपल्या मराठीत सहज म्हणायचो, जणू त्याच्याशी गप्पाच मारतो आहे. दिवाळीपर्यंत पोरं मराठीत बडबडून वर्ग डोक्यावर घ्यायची. मध्येच तोडलेलं मूल शुद्ध बोलायला शिकत नाही, वाक्य आखूड करायला शिकतं. परक्यांच्या पोरांना मी हे दिलं. आणि माझ्या बायकोला? मी कुही गावचा, डी.एड.ला जाईपर्यंत मीही मले-तुलेच करायचो. पण लग्नानंतर पहिल्यांदा हेडमास्तर घरी आले, ती "तुमाले चहा देऊ का जी" म्हणाली, आणि मी त्यांच्यासमोर तिला सुधारलं. नंतर कितीदा, याचा हिशेब नाही. तू जेवता जेवता ते बघत मोठी झालीस आणि माझ्याबरोबर हसायला शिकलीस. तेव्हा ही शिसारी सगळी तुझ्या वाट्याची नाही. मोठा वाटा माझा आहे.

हे आज लिहायचं कारण तुझा साखरपुडा. काल आईने पुण्याला न्यायची बॅग भरली आणि म्हणाली, "तिथं माहा घसा बसला म्हणून सांगजा. पोरीच्या सासरी हासू नाई झालं पाह्यजे." वहीची शिकवणी कशासाठी होती ते मला तेव्हा कळलं. तुझ्या सुखाच्या दिवशी ती मुकी बसणार आहे. तशी ती बसणार असेल तर मी तिला घेऊन येणार नाही, आणि तिच्याशिवाय मीही येणार नाही. तू तिला फोन कर. व्हिडिओचं नाव काढू नकोस, नुसती माफी मागून मोकळीही होऊ नकोस. धोंडबामामाचं विचार. ती शुद्ध बोलायला जाईल, अडखळेल. तेव्हा तू तिच्याशी मले-तुले बोल, पाच वर्षांची असताना बोलायचीस तसं. आता येत नसेल, तर तिला शिकवायला सांग. चुकलीस तरी ती तुला मध्येच थांबवणार नाही.

तुझाच,
बाबा