बत्तीस इंच, साडेसहा फुटांवरून

आये,

काल संध्याकाळी कार्यालयातून सुटल्यावर मी वाशीच्या एका दुकानात तासभर टीव्ही पाहत उभी होते. आपला जुना टीव्ही गेल्या आठवड्यात बंद पडला. आधी पडद्याच्या मधोमध एक उभी रेघ आली, मग डावी बाजू काळी झाली. दुरुस्तीवाल्याने तो उघडूनही पाहिला नाही. पॅनेल गेले, आता नवाच घ्या, एवढेच म्हणाला. तू गेल्यानंतरही तो अकरा वर्षे चालला. गावातले घर सोडून मी खांदेश्वरला भाड्याच्या खोलीत आले, तेव्हा तुझ्या साड्यांचे गाठोडे आणि तो टीव्ही एवढेच रिक्षात मांडीवर धरून आणले होते. दुकानातल्या विक्रेत्याने विचारले, "मॅडम, घरी किती जण बघणार?" मी "दोघी" म्हणाले. का म्हणाले ते ठाऊक नाही. मग त्याने विचारले, बसायची जागा भिंतीपासून किती लांब आहे. त्या प्रश्नाचे उत्तर मला देता येईना, कारण तेच उत्तर मी एकदा फार खात्रीने दिले होते.

दहावीत मी शाळेत पहिली आले, त्या आठवड्यातली गोष्ट. बाबा गेल्यापासून आपण दोघीच. पोरगी पहिली आली तर मोठा टीव्ही घेईन, असे तू सगळ्या बाजारात सांगून ठेवले होतेस. माशांची पाटी विकून रिकामी करून, हात लिंबाने दोनदा घासून, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून तू माझ्याबरोबर दुकानात आली आहेस. मी मागे, हातात वही. वर्तमानपत्राच्या पुरवणीत मी एक सूत्र वाचले होते : पडद्यापासून बसायचे अंतर इंचांत मोजायचे, त्याला ठरावीक आकड्याने भागायचे, म्हणजे किती इंचांचा टीव्ही हवा ते निघते. आपल्या पलंगापासून भिंत साडेसहा फूट. उत्तर बत्तीस. दोन वेळा ताळा करून पाहिला होता.

भिंतीवर सात टीव्ही ओळीने लावलेले आहेत आणि सातांवर एकच चित्रफीत चालू आहे, निळ्या पाण्यात फिरणारे मासे. तू पहिल्या टीव्हीच्या इतक्या जवळ जातेस की विक्रेता म्हणतो, "मावशी, जरा मागे या, हा लांबून बघायचा असतो." तू हलत नाहीस. मान वाकडी करून, बाजारात दुसरीची पाटी पारखावी तशी पाहतेस आणि म्हणतेस, "ह्यो मासा शिला हाय गो. डोला बग त्याचा, कसा धुरकट झालाय."

मग दुसऱ्यापाशी, तिसऱ्यापाशी. सगळीकडे मासा शिळाच. विक्रेता हसत म्हणाला, सातही टीव्हींत मासा एकच आहे. तू लगेच म्हणालीस, "मंग तुजा मासाच शिला." दुकानातली माणसे हसली, आणि सगळ्यांत मोठ्याने तूच हसलीस. मी मात्र हसले नाही. चारचौघांत आपल्याकडे माना वळल्या की माझे कान तापतात, ते अजूनही तसेच आहे. पण मनातून तुझा अभिमान वाटला. माशाच्या डोळ्यावरून ताजेपणा ओळखणारी बाई पडद्याचा दोष बरोबर पकडते आहे, असे मी धरून चालले, आणि विक्रेत्याला याहून स्पष्ट चित्राचा टीव्ही दाखवायला सांगितले.

निवड अखेर दोनांवर आली. किंमत सारखीच. चाळीस इंची होता तो एचडी रेडी, म्हणजे चित्र जरा कमी रेखीव. बत्तीस इंची फुल एचडी. तू चाळीस इंचीच्या कडेवर हात ठेवलास. म्हणालीस, ह्योच घेऊ, मोठा हाय, बरा वाटतंय. मी वही उघडली. अंतर सांगितले, भागाकार सांगितला, आणि मासे धुरकट दिसतात ही तुझीच तक्रार पुढे केली. तू थोडा वेळ वहीकडे पाहत राहिलीस. "मोटा आसला तर काय बिगरतंय?" असे एकदा विचारलेस. मी म्हणाले, त्यामागे शास्त्र आहे. तेव्हा तू चाळीस इंचीवरचा हात काढून घेतलास आणि म्हणालीस, "तू शिकलेली. तू म्हनशील तो."

त्यानंतरची दोन वर्षे तू त्या पडद्यापासून हातभर अंतरावर, जमिनीवर बसून मालिका पाहिल्यास. पलंगावर कधी बसली नाहीस. मी चिडत असे. इतक्या जवळून पाहिले की डोळे बिघडतात, मागे बस, असे तुला शिक्षिकेच्या सुरात सांगत असे. तू थोडी मागे सरायचीस आणि जाहिराती संपेपर्यंत पुन्हा पुढे आलेली असायचीस.

माझा बारावीचा निकाल लागायच्या आधी, साखर वाढून, तीन दिवसांत तू गेलीस. साखर आहे हेच कुणाला माहीत नव्हते. दहाव्याला, बाजारात तुझ्या शेजारी बसणारी मावशी माझ्याजवळ आली आणि माझा हात धरून म्हणाली, "तिला कुटं दिसत व्हता पोरी? दोन वर्सं तिच्या पाटीतलं डोलं मीच बगून सांगायची. तुला सांगू नको म्हनायची, पोरीचा अब्यास बुडंल." डोळे दाखवायला नेले असते तर डॉक्टरांनी रक्तही तपासले असते. हा विचार मी अकरा वर्षे करते आहे, आणि त्याच्या शेवटी दर वेळी तेच वाक्य मनाशी म्हणते : मला ठाऊक नव्हते.

काल त्या विक्रेत्याने मला नवे पडदे दाखवले. त्यांवरही मासे होते. प्रत्येक खवला वेगळा दिसत होता, डोळे काचेसारखे स्वच्छ. मी अंतर सांगितलेच नाही. माझ्या खोलीला न शोभेल एवढा मोठा टीव्ही घेतला, रविवारी येईल.

पण मला ठाऊक नव्हते, हे वाक्य खरे नाही, आये. बारावीच्या पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी मी पलंगावर वाचत होते आणि आवाज नको म्हणून तुला टीव्ही मुका करायला लावला होता. तू पुढे बसून पाहत होतीस. काही वेळाने मी मान वर केली. केबल गेली होती. पडद्यावर नुसता निळा रंग आणि सिग्नल नसल्याची एक ओळ. तू तशीच पाहत बसली होतीस, चेहऱ्यावर मालिका पाहतानाचे ते किंचित हसू ठेवून. किती वेळ, ते मला ठाऊक नाही. मी उठून टीव्ही बंद केला. तू विचारलेस, "संपली का गो?"

"संपली," मी म्हणाले, आणि पुन्हा पुस्तक उघडले. दुसऱ्या दिवशी पेपर होता. शेवटचा पेपर झाल्यावरही मी विचारले नाही.

हे पत्र कुठे धाडता येणार नाही, हे मला कळते. तू असतीस तर आलेली बाकीची पत्रे जशी द्यायचीस तसेच हेही माझ्याच हातात देऊन वाचून दाखवायला सांगितले असतेस. मी वाचलेही असते. फक्त या शेवटच्या ओळी गाळल्या असत्या.